बाबा आता गावात जात नाहीत

कोथरूडला राहायला येऊन आम्हाला पंचवीसेक वर्षं झाली, तरी जुन्या पुण्यात, लक्ष्मी रोडला जायचं म्हणजे बाबा ‘गावात जाऊन येतो’ असंच म्हणत. गेल्या दिवाळीच्या आधी मी त्यांच्याबरोबर अप्पा बळवंत चौकात गेले होते. त्यांना दिवाळी अंक घ्यायचे होते, मला लेकीची गाइडं. दुकानात ही झुंबड, काउंटरवर एकमेकांच्या डोक्यांवरून हात पुढे आलेले. ‘मी आलोच’ म्हणून बाबा बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. फोन लावला तर उचलेनात. बऱ्याच वेळाने त्यांचाच फोन आला, घरून. रिक्षा करून परस्पर गेले होते. ‘जरा बरं वाटत नव्हतं,’ एवढंच म्हणाले. मी धावतपळत घरी पोचले, तर स्वारी लेंगा घालून बाल्कनीत पेपर वाचत बसलेली, आणि मागे दोरीवर त्यांची राखाडी पॅन्ट वाळत घातलेली. नीट पिळली नव्हती. पायांच्या टोकांतून फरशीवर थेंब पडत होते. जन्मात स्वतःचा रुमाल न धुतलेल्या माणसाने ती आपल्या हाताने धुतली होती. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती चहा टाकायला आत गेली. कुणीच काही बोललं नाही. त्यानंतर बाबा गावात गेलेले नाहीत. विचारलं की म्हणतात, हल्ली गर्दी फार असते.

गर्दी! अनंत चतुर्दशीला अलका टॉकीजच्या चौकात पहाटेपर्यंत उभा राहणारा हा माणूस. मंडईत आंब्याची पेटी घ्यायची तर मुद्दाम रविवारी सकाळी जाणारा, कारण घासाघीस ऐकायला चार माणसं हवीत. वय चौऱ्याहत्तर, प्रोस्टेटचा त्रास, ब्लडप्रेशरसाठी सकाळी पाण्याची गोळी, म्हणजे लघवी जास्त होणारी. आता घरापासून तासाभराच्या आत परत येता येईल एवढंच त्यांचं पुणं उरलं आहे. भाजी कोपऱ्यावरच्या टेम्पोतून, पुस्तकं कुरिअरने, गणपती टीव्हीवर. ‘बरं आहे की, पार्किंगची कटकट नाही,’ हेही तेच म्हणतात, आणि गाडी त्यांना कधी चालवता आलेली नाही.

त्या दिवशी ते कुठे निघाले होते ते मला ठाऊक आहे. बाजीराव रस्त्यावरून आत शिरणाऱ्या एका बोळाच्या तोंडाशी मुतारी होती. छातीइतकी भिंत, वर पत्रा, आत शहाबादी फरशा आणि त्यांवर साठलेले पिवळट क्षारांचे थर. भोकं पाडलेल्या पाइपातून पाणी झिरपायचं. बहुतेक वेळा झिरपायचं नाही. भिंतीवर मूळव्याध आणि भगंदराच्या खात्रीशीर इलाजाच्या जाहिराती. फिनेल आणि डांबरगोळ्या कधीमधी, एरवी नुसता तो डोळ्यांना झोंबणारा वास. लहानपणी बाबांबरोबर मंडईला जाताना ते तिथे शिरायचे आणि मी कांद्याबटाट्याची पिशवी धरून, श्वास रोखून, बोळाकडे पाठ करून उभी राहायची. मलाही कितीदा लागलेली असायची. पण ती जागा बायकांची नव्हती आणि बायकांची जागा कुठे आहे हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, जसं मुंजीत मुलींची मुंज का नाही हे आलं नव्हतं. मोठी माणसं ज्या सहजतेने वागत, त्यावरून हे असंच असतं असं वाटायचं.

दिवाळी झाल्यावर मी मुद्दाम त्या बोळात जाऊन आले. मुतारी नाही. तिथे दुचाक्या लावतात. भिंतीला स्वच्छ पांढरा रंग दिला आहे आणि कमरेच्या उंचीवर टाइल्स बसवल्यात: गणपती, साईबाबा, क्रॉस, मक्का, आणि एका कडेला, का कोण जाणे, शिवाजी महाराज. कुणी तिथे उभं राहू नये म्हणून. जे काम पूर्वी चार फरशा आणि एक पाइप करत होता, त्याच्या उलट काम आता सर्वधर्मीय देवांना लावून दिलंय. शेजारच्या दुकानदाराला विचारलं, इथे होतं ते कधी काढलं हो? तो म्हणाला, ‘झाले की बरेच दिवस. फार घाण होती ताई.’ खरंच होती. तो वास गेला तेव्हा कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असेल असं मला वाटत नाही. माझ्या तर नाहीच.

स्वच्छतागृह पाडलं, अशी बातमी तुम्ही कधी वाचली आहे का? पाडण्याची गरजच नसते मुळी. आधी ड्रेनेज तुंबतं. मग पितळी तोटी चोरीला जाते, तिच्या जागी प्लॅस्टिकची येते, ती तुटते. दिवा जातो. बायकांच्या बाजूला आधी कुलूप लागतं, कारण ‘लेडीज कुणी येतच नाहीत’. आणि अंधाऱ्या, बिनकडीच्या खोलीत लेडीज येणार तरी कशा? मग ‘दुरुस्तीसाठी बंद’ असा कागद चिकटतो, तो कागद दोन पावसाळ्यांत विरून जातो. तोवर दाराशी भाजीवाल्याचे क्रेट रचले जातात किंवा मंडपाचे बांबू. पुढे कधी रस्तारुंदी निघते, कधी शेजारचा वाडा पाडून इमारत उठते आणि नव्या दुकानाच्या शटरसमोर ‘ही घाण’ नको असते. बाकडं बसवलं तर त्यावर नाव घालता येतं, कमान उभारली तर फोटो काढता येतो. ‘अमुक यांच्या प्रयत्नांतून मुतारी’ असा फ्लेक्स लावायला कोण धजावेल? आणि ती वाचवायला सह्यांची मोहीम कोण काढणार? ज्याला तिची सर्वांत जास्त गरज, तो सर्वांत गप्प. तो रिक्षा करून घरी जातो.

नवं काही केलंच नाही असंही नाही. नाणं टाकलं की दार उघडणारी स्टीलची ई-टॉयलेटं आली. माझी एक मैत्रीण त्यातल्या एकात नाणं टाकून पंधरा मिनिटं बाहेर उभी होती. नाणं आत, ती बाहेर. शहाणी असल्यामुळे तिने नंतर नाणं गेल्यापेक्षा दार उघडलं असतं तर काय, याचाच जास्त धसका घेतला, कारण तेच दार आतून उघडणार याची खात्री कुणी दिली होती? २०१६ मध्ये जुन्या बसगाड्यांची रंगीत स्वच्छतागृहं झाली, फक्त बायकांसाठी, ‘ती’ नावाची. आत बेसिन, आरसा, तान्ह्या बाळाचं करायला जागा, आणि मुख्य म्हणजे बाई सांभाळायला. देशोदेशीच्या पेपरांत फोटो आले. मी स्वतः गेले आहे त्यात, आणि बाहेर पडून आईला फोन केला होता, एवढी हरखले होते. पुढे त्यांतल्या बऱ्याच बंद पडल्या. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ तर इतके रुंद आणि देखणे झाले की तिथे संध्याकाळभर बसावंसं वाटतं. बसावं किती वेळ, हा प्रश्न मूत्राशयाचा.

या सगळ्यावर आईचं म्हणणं एका वाक्यात संपतं.

‘त्यांना आत्ता कळलं होय?’

हे ती कुत्सितपणे म्हणाली नाही, भेंडी चिरता चिरता म्हणाली. मला मात्र ते लागलं. बाबांचं पुणं सत्तरीनंतर आक्रसलं; आईचं कधी ऐसपैस झालंच नव्हतं. ‘गावात’ जायच्या दिवशी ती सकाळचा दुसरा चहा घ्यायची नाही. निघताना एकदा जाऊन यायची, चपला घातल्यावर पुन्हा चपला काढून एकदा जायची, आणि आम्ही हसायचो. तुळशीबागेत उसाचा रस आम्हा मुलांना. तिला ‘नको, घसा धरतो’. माझा समज असा की आईचा घसा नाजूक आहे. उन्हाळ्यात तिला लघवीची जळजळ व्हायची, धन्याजिऱ्याचं पाणी उकळून ठेवलेलं असायचं, आणि तेही घरातलं एक नेहमीचं दुखणं म्हणून आम्ही धरून चाललो होतो.

पण तिचाही एक नकाशा होता. तो कुठल्या फोनवर मिळणार नाही. शनिपारापाशी तिची मावसबहीण, सदाशिवात शाळेतली मैत्रीण, नारायण पेठेत बाबांचे काका, नागनाथ पाराच्या बाजूला आमच्या जुन्या भाडेकरूंची सून. कुणाच्याही वाड्यात शिरायचं, ‘अगं, इकडे आले होते, म्हटलं डोकावून जावं’ म्हणायचं, दोन मिनिटं पायरीवर बसायचं आणि मग हळूच विचारायचं. परसातल्या त्या सार्वजनिक संडासांच्या ओळीत पत्र्याचं डबडं घेऊन जायचं. यजमानीणबाईला सगळं कळलेलं असायचं. तीही गावात गेली की हेच करायची. पेठांमधल्या बायकांच्या गाठीभेटींतला मोठा वाटा या एका गरजेने घडवून आणला होता असं आता मला वाटतं. मग वाडे पडले, मावसबहीण सिंहगड रोडला गेली, मैत्रीण मुलाकडे बंगळुरूला. वाड्यांच्या जागी आलेल्या इमारतींना खाली वॉचमन आहे आणि तो वहीत कामाचं स्वरूप लिहायला सांगतो.

त्या परसातल्या संडासांची आठवण काढताना मला थांबायला हवं, कारण त्यात फार रमण्यासारखं काही नाही. आईच्या लहानपणी ते टोपल्यांचे होते आणि टोपल्या कुणीतरी डोक्यावरून वाहून नेत असे. वाड्याच्या मागे त्यासाठी वेगळं दार, वेगळी गल्ली. माणसाने माणसाची विष्ठा वाहून न्यायला कायद्याने बंदी यायला १९९३ उजाडलं, आणि तो कायदा पुरा पडला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. कणकवलीला गोपुरी आश्रम काढणारे अप्पासाहेब पटवर्धन स्वतः भंगीकाम करत आणि ते काम संपावं म्हणून संडासाची रचनाच बदलायच्या मागे लागले होते. कोकणात त्यांना मान होता, पण ‘संडासाचं वेड घेतलेले’ म्हणून हसणारेही पुष्कळ होते. आजही कुणी या विषयावर लिहिलं की हसू येतंच. स्वच्छतागृह नको असण्यात वासाइतकाच, किंवा वासाहून जास्त, हा जुना विटाळ आहे असा माझा पक्का संशय आहे. दुकानासमोर कचऱ्याचा कंटेनर चालतो, कुरकुरत का होईना. मुतारी चालत नाही.

मंडईत मी आता एकटीच जाते. १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडलेली ती दगडी वास्तू, तिच्या भोवती पथारीवर बसणाऱ्या बायका. माझी एक ठरलेली कोथिंबीरवाली आहे. पहाटे चारला घर सोडते, मार्केट यार्डातून माल उचलते, सातला इथे. एकदा उन्हाचं मी तिला पाण्याची बाटली पुढे केली तर तिने तोंडावर आणि कोथिंबिरीवर शिंपडलं आणि बाटली परत दिली. ‘प्यायलं की जावं लागतं ताई. जावं लागलं की पथारी कुणाच्या जिवावर सोडू? शिवाय दर टायमाला पैसे.’ जुडीला दहा रुपये घेणाऱ्या बाईला एका खेपेचे पाच रुपये म्हणजे अर्धी जुडी. मी मनातल्या मनात दिवसाचा हिशेब करून पाहिला आणि मग सोडून दिला. तिने तो केव्हाच केलेला होता, आणि उत्तर म्हणून पाणी सोडलं होतं.

पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हे तर इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही खटकण्यासारखं आहे हे मुंबईतल्या बायकांनी २०११ च्या सुमारास ‘राइट टू पी’, लघवीला जायचा हक्क, म्हणून मोठ्याने सांगेपर्यंत कुणाला सुचलं नव्हतं. त्या नावाला किती नाकं मुरडली गेली! पण मोहिमेतल्या बायकांनी स्वच्छतागृहं हिंडून नोंदी केल्या, कुठे दार नाही, कुठे पाणी नाही, कुठे किती पैसे घेतात. ठेकेदारांचं म्हणणं, बायका आत जाऊन काय करतात ते आम्हाला दिसत नाही, म्हणून सरसकट घेतो. हे कारण ऐकून माझ्या एका डॉक्टर बहिणीने कपाळावर हात मारून घेतला होता.

मला स्वतःला पैसे द्यायचा राग येत नाही, खोटं कशाला बोला. पाच काय, दहा देईन, जागा स्वच्छ असेल तर. १९७० मध्ये बिंदेश्वर पाठकांनी सुलभ सुरू केलं आणि पुढे पाटण्यात पैसे देऊन वापरायची स्वच्छतागृहं काढली तेव्हा, संडासाला जायला कोण पैसे देईल, म्हणून लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. लोकांनी दिले. कारण दाराशी एक माणूस बसलेला होता, आणि माणूस बसलेला असला की पाणी असतं, कडी असते, दिवा असतो. पुण्यानेही हे करून दाखवलं आहे, पण मध्यवस्तीत नाही. १९९९ ते २००१ या काळात रत्नाकर गायकवाड महापालिका आयुक्त असताना इथल्या झोपडपट्ट्यांमध्ये ४०० हून जास्त शौचालयं बांधली गेली, १०,००० हून अधिक सीट्सची. त्यातली बरीच स्पार्क आणि महिला मिलनसारख्या संस्थांच्या हाती होती. बायका आणि पुरुषांची दारं वेगवेगळी, लहान मुलांसाठी वेगळी सोय, आणि सांभाळणाऱ्याच्या कुटुंबाला राहायला वर खोली. ही खोली मला फार महत्त्वाची वाटते. जिथे कुणी राहतं, तिथल्या तोट्या चोरीला जात नाहीत.

एका एसटी स्टँडजवळ अशीच जागा आहे. तिथे बसणारं जोडपं बिहारकडचं. टेबलावर स्टीलची ताटली, ताटलीत नाणी, बाजूला चिकटवलेला क्यूआर कोड आणि त्याच टेबलाखाली बाईची शिवणाची पिशवी. मागच्या खेपेला माझ्या पुढे एक म्हातारी होती, नऊवारी, हातात बोचकं. सुट्टे नव्हते. फोन कुठला असणार! ती वळून निघाली तेवढ्यात बाई म्हणाली, ‘जाओ माँजी, जाओ.’ नवरा काहीतरी पुटपुटला. दिवसाला ठरावीक रक्कम ठेकेदाराला द्यावी लागते, ती कमी पडली तर पदरची. म्हणजे त्या म्हातारीचे पाच रुपये शहराने भरले नाहीत, सरकारने भरले नाहीत. शिवण घेऊन बसलेल्या बाईने भरले. मी म्हातारीचे म्हणून दहाची नोट ताटलीत टाकली, आणि उदारपणा केल्याचं जे समाधान वाटलं ते बाहेर पडेपर्यंत टिकलं नाही. बाकीच्या म्हाताऱ्यांचं काय?

लंडनमध्ये राहणारा माझा आतेभाऊ म्हणतो, तुम्ही पुण्याचं काय घेऊन बसलात, इथेही तेच, एकेक करून बंद. पण त्यानेच सांगितलं की रिचमंड भागात दुकानं, पब, कॅफे दारावर एक स्टिकर लावतात: आत या, काही घ्यायची गरज नाही. बदल्यात स्थानिक पालिका त्यांना वर्षाला पैसे देते. दक्षिण दिल्लीत २०१७ मध्ये हॉटेलांनी आपली स्वच्छतागृहं कुणालाही वापरू द्यावीत, फार तर पाच रुपये घ्यावेत, असा नियम निघाला होता. लक्ष्मी रोडवर असं झालं तर? मी एका हॉटेलात गल्ल्यावर विचारून पाहिलं. मालकांनी बोट वर केलं. तिथे पाटी होती, ‘प्रसाधनगृह फक्त ग्राहकांसाठी’, आणि खाली बारीक अक्षरांत, ‘चौकशी करू नये’. मी कॉफी मागवली. म्हणजे एकदा जायचं म्हणून दुसऱ्यांदा जायची व्यवस्था करून ठेवली.

१५ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या सगळ्या न्यायालयांमध्ये स्त्री, पुरुष, अपंग आणि तृतीयपंथी सर्वांसाठी स्वच्छतागृहं हवीतच असा निकाल दिला; हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. मी ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला. ‘म्हणजे आता कुणावर तरी खटला भरावा आणि मग जावं,’ म्हणाले. गावाबद्दल थट्टा करावीशी त्यांना बऱ्याच महिन्यांनी वाटली होती.

परवा मावशीच्या नातवाच्या मुंजीची खरेदी निघाली. तुळशीबागेला पर्याय नाही. आईने पिशव्या काढल्या आणि बाबांना म्हणाली, ‘अहो, तुम्हीपण चला. माझ्याबरोबर असलात की काळजी नाही, मला सगळ्या जागा पाठ आहेत.’ बोटांवर मोजत तिने सांगायला सुरुवात केली: साड्यांच्या त्या मोठ्या दुकानाचा दुसरा मजला, तिथला माणूस ओळखीचा, प्रसूतिगृह, पण अकराच्या आत, पॅथॉलॉजी लॅब, आत बसल्यासारखं करायचं, आणि अगदीच अडलं तर एक देऊळ, पुजाऱ्यांच्या सूनबाई चांगल्या आहेत.

बाबा लक्षपूर्वक ऐकत होते. लिहून घेतात की काय असं मला वाटलं. मग म्हणाले, ‘पण साड्यांच्या दुकानात मला कशाला जाऊ देतील?’

‘न जायला काय झालं?’ आई म्हणाली. ‘दोनशे रुपयांचा ब्लाउजपीस घ्यायचा. मी इतकी वर्षं उगाच साठवलेत का?’